गिझर बिघडला की आधी मीटर लावायला सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की तुमच्याकडे शिवाजीनगरचा पारा किती उतरला ते रोज येतं, धुक्यात फिरायला गेलेल्या आजोबांचा फोटो पण येतो, पण त्याच आठवड्यात किती घरांत गिझर बंद पडून लोक गॅसवर पातेली चढवतायत आणि रिपेअरला येणारा माणूस त्यांच्याकडून काय काय उकळतोय ते कुठं येत नाही, म्हणून म्हणलं आपणच लिहावं.

आमचा गिझर १५ लिटरचा, २ किलोवॅटचा, नऊ वर्षांचा. डिसेंबरात एका सकाळी दिवाच लागेना. मी मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं आणि जो नंबर सगळ्यात वर आला त्याला फोन लावला, तिथंच माती खाल्ली. वर आलेला नंबर कंपनीचा असेलच असं नाही, खरा नंबर वॉरंटी कार्डावर किंवा गिझरच्या अंगावरच्या स्टिकरवर असतो, पण तेवढं स्टूलवर चढून बघतंय कोण. एक पोरगा आला, बॅग झकास, टी-शर्ट झकास, कंपनीचं नाव मात्र कुठंच नाही. झाकण न उघडताच म्हणाला, "काका, कॉइल गेलीये, थर्मोस्टॅट गेलाय, टाकी पण लीक आहे, पूर्ण किट टाकावं लागेल, ४,२०० होतील, आत्ता केलं तर ३,८०० मध्ये करून देतो." मी जवळपास हो म्हणलोच होतो, अंघोळ राहिली होती हो. तेवढ्यात ही आतून म्हणाली, "आधी झाकण काढून दाखव की बाबा काय गेलंय ते." तिथंच गाडी अडली. ३५० रुपये व्हिजिट घेऊन गेला, पावती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला, ती अजून येतीये.

संध्याकाळी सोसायटीचं वायरिंग बघणारे दादा आले. एमसीबी (बोर्डावरचा सेफ्टी स्विच) पाडली, खालचं प्लास्टिकचं झाकण काढलं, आत कट-आउटचं एक बारकं बटण असतं ते स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दाबलं, टक् असा आवाज आला, एमसीबी परत चढवली आणि दिवा लागला. मी म्हणलं झालं? तर म्हणाले नाही झालं, हे बटण उगाच उडत नाही, पाणी नको तेवढं तापलं की उडतं, म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी तापलं की कॉइलची वीज तोडतो तो) वेळेवर बंद होत नसणार, दोन दिवस बघा. दुसऱ्या दिवशी रात्री परत उडलं. मग मी इलेक्ट्रिकच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जाऊन त्याच मापाचा थर्मोस्टॅट २९० रुपयांना आणला आणि दादांनी २५० मजुरी घेतली. एकूण ५४०. कुठं ३,८०० आणि कुठं ५४०, आणि कॉइल तर धडधाकट निघाली, कॉइलमधून वीज जाते का ते तपासायचं मीटर लावून दाखवलं त्यांनी. (हे बटण घरी स्वतः दाबायला जाऊ नका, पाणी आणि वीज शेजारी शेजारी आहेत.)

त्यावरून मला जे कळलं ते इतकंच की गिझरमध्ये बिघडण्यासारख्या गोष्टी चार-पाचच असतात आणि लक्षणं बऱ्यापैकी वेगळी असतात. गिझर लावला की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर बहुतेक कॉइल फुटलीये आणि करंट पाण्यात उतरतोय, तो गिझर लगेच बंद ठेवा, तिथं घासाघीस करू नका. पाणी कोमट येतं किंवा उकळतंच तर थर्मोस्टॅट बघायचा. प्लगची पिन काळी पडलीये, सॉकेट वितळलंय तर गिझरमध्ये काहीच नसतं कधी कधी, २ किलोवॅटचा गिझर ८-९ अँपिअर ओढतो आणि लोक तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवतात, १६ चं लागतं.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती गळतीत. पाणी तापताना फुगतं, प्रेशर वाढलं की सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं, त्याचं कामच ते आहे. खालच्या झाकणातून पाणी येत असेल तर बहुतेक वेळा कॉइलच्या बुडाचं गॅस्केट गेलेलं असतं, ते रबराचं वॉशर आहे, काही शे रुपयांत काम होतं. गंजकं पाणी बॉडीतून झिरपायला लागलं आणि गॅस्केट बदलूनही थांबेना, तेव्हा टाकी गेली म्हणायचं, आणि टाकी गेली तर रिपेअर नाही, नवीनच घ्या, त्यावर पैसे घालू नका. पण "टाकी लीक आहे" हे तीन शब्द ऐकले की माणूस घाबरतो आणि समोरच्याला तेच पाहिजे असतं.

आता पाण्याचं. माझी बहीण सदाशिव पेठेत राहते, तिच्याकडे महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी, गिझर बारा वर्षं झाली हूं की चूं नाही. आमच्याकडे बावधनला बोअर आणि टँकर. दादांनी कॉइल बाहेर काढली तेव्हा ती चालू असली तरी चुन्याचे चार हात मारल्यासारखी पांढरी आणि दुप्पट जाड झाली होती, टाकीतून शेवटी जे पाणी आलं ते ताकासारखं. हा क्षार कॉइलवर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत तापून जळते, वीजही जास्त जाते. आत एक मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही, आमचा निघाला तेव्हा नुसती तार राहिली होती. वर्षा-दोन वर्षांतून एकदा टाकी धुवून हा रॉड बदलला तर मोठा खर्च बराच लांब जातो, पण हे कुणी सांगत नाही, सांगितलं तर किट कुणाला विकणार. नवीन घेणार असाल आणि वरच्या मजल्याच्या टाकीला प्रेशर पंप असेल तर ८ बारचा, म्हणजे तेवढं प्रेशर सोसणारा गिझर बघून घ्या. आणि कार्डावर टाकीची, कॉइलची आणि बाकी गिझरची वॉरंटी वेगवेगळी लिहिलेली असते, "वॉरंटी संपली" एवढ्यावर ऐकून घेऊ नका.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. माझी भाची अमेरिकेत मिनेसोटात असते, तिथं घर गरम ठेवायला फर्नेस असतो, म्हणजे तळघरात बसवलेली भट्टी. गेल्या जानेवारीत तो सारखा बंद पडायला लागला, बाहेर बर्फ, घरात लहान मूल, टेक्निशियन म्हणाला ब्लोअर मोटर बदला. दुसऱ्यानं येऊन बघितलं तर हवेचा फिल्टर धुळीनं गच्च, हवा जात नाही म्हणून भट्टी जास्त तापते आणि आपल्या कट-आउटसारखाच त्यांचा लिमिट स्विच तिला बंद करतो. फिल्टर बदलला, फर्नेस चालू. फोनवर ऐकून मला हसूच आलं.

एका ठिकाणी मात्र पैसे वाचवू नका, गॅस गिझर. त्याची ज्योत पिवळी दिसत असेल, किंवा तो बंद बाथरूममध्ये लावला असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस अंघोळ करता करता पडतो. गिझर बाहेर बसवा आणि दरवर्षी कंपनीच्याच माणसाकडून तपासून घ्या.

बाकी बोलताना फोनवरच विचारा व्हिजिट किती आणि काम केलं तर ती त्यात धरणार का, १८ टक्के जीएसटी धरून सांगताय की वरून लावणार, पार्टच्या खोक्यावरची एमआरपी दाखवा आणि जुना पार्ट माझ्या हातात द्या. जुना पार्ट मागितला की निम्मे लोक आपोआप सरळ होतात, हा माझा अनुभव. बिल न देणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत मोडतं, तक्रारीला १९१५ हा नंबर आहे. मी ३५० रुपयांसाठी फोन केला नाही, आळस, दुसरं काय.

हे सगळं एका कागदावर लिहून मी आमच्या नोटीस बोर्डावर लावलं होतं, खाली दादांचे दर पण लिहिले होते. दुसऱ्या दिवशी चेअरमननी काढला, म्हणे कमिटीच्या परवानगीशिवाय बोर्डावर काही लावायचं नाही. सध्या तो आमच्या दारावर चिकटवलाय.

आपला,
एक वाचक, बावधन, पुणे