सर्वांत मौल्यवान खेळाडू निवडताना संघाचे विजय दोनदा मोजू नयेत

संपादक महोदय,

एनबीए या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या २०२४-२५ च्या हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडूविषयीचा लेख आपल्या क्रीडापानावर वाचला. ओक्लाहोमा सिटी थंडरच्या शे गिल्जस-अलेक्झांडरला हा किताब मिळणे कसे योग्य होते, हे सांगताना लेखकाने सारा भर एकाच मुद्द्यावर दिला आहे : थंडरने ८२ पैकी ६८ सामने जिंकले, म्हणून त्या संघातील सर्वोत्तम खेळाडू हाच लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडू. गिल्जस-अलेक्झांडरच्या खेळाबद्दल मला आदर आहे आणि त्याच्या निवडीला कोणी अन्याय म्हटले तर ते मला मान्य होणार नाही. परंतु ज्या तर्काने ही निवड सिद्ध केली जाते तो मला सदोष वाटतो, आणि माझ्या हाती मतपत्रिका असती तर पहिल्या क्रमांकावर मी डेन्व्हर नगेट्सच्या निकोला योकिचचे नाव लिहिले असते. त्यामागची कारणे मांडण्याची संधी द्यावी, ही विनंती.

हा किताब १९५५-५६ च्या हंगामापासून दिला जातो आणि त्याचा पहिला मानकरी सेंट लुईस हॉक्सचा बॉब पेटिट होता. पहिली पंचवीस वर्षे मत देण्याचा अधिकार खुद्द खेळाडूंना होता; १९८०-८१ पासून तो क्रीडा पत्रकार आणि समालोचक यांच्याकडे आला. सध्या शंभर जणांचे मंडळ मतदान करते. प्रत्येक जण पाच नावे क्रमाने लिहितो आणि त्या क्रमानुसार १०, ७, ५, ३ आणि १ असे गुण दिले जातात. मतदान साखळी सामने संपताच होते, त्यामुळे बाद फेरीतील कामगिरीचा त्याच्याशी संबंध नसतो. हे मुद्दाम नोंदवतो, कारण थंडरने पुढे जून २०२५ मध्ये अजिंक्यपद मिळवले, याचाही दाखला या वादात वारंवार दिला जातो आणि तो येथे गैरलागू आहे. मात्र मत कोणत्या निकषावर द्यायचे, हे लीगने मतदारांवर सोडलेले आहे. त्यामुळे ज्याला जो निकष सोयीचा वाटेल तो त्याने उचलावा, अशी स्थिती वर्षानुवर्षे टिकून आहे.

निकषांचा हा गोंधळ किती जुना आहे, हे पाहायचे असेल तर १९६१-६२ च्या हंगामाकडे वळावे लागते, आणि माझ्या मते या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने तो हंगाम एकदा तरी नीट अभ्यासावा. त्या वर्षी फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेनने सामन्यागणिक सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रीबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर ताब्यात घेतलेले चेंडू) मिळवले. सिनसिनाटी रॉयल्सच्या ऑस्कर रॉबर्टसनने ३०.८ गुण, १२.५ रीबाउंड आणि ११.४ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) अशी सरासरी राखली, म्हणजे संपूर्ण हंगामभर ट्रिपल-डबलची, तिन्ही बाबतींत दोन अंकी, सरासरी, जी त्यापूर्वी कोणालाही साधली नव्हती. तरीही किताब मिळाला तो सरासरी १८.९ गुण मिळवणाऱ्या बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलला. सेल्टिक्सने ६० सामने जिंकले होते, तेव्हा ही सरळसरळ संघाच्या विजयांना दिलेली पसंती होती, असे आजही अनेक जण मानतात. मला तसे वाटत नाही. रसेलचे खरे काम बचावात होते. तो बास्केटसमोर उभा असल्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना फटक्याची दिशा बदलावी लागे, त्याने अडवलेला चेंडू बहुधा त्याच्याच सहकाऱ्याच्या हाती जाई आणि तेथूनच सेल्टिक्सचे वेगवान आक्रमण सुरू होई. अडवलेल्या फटक्यांची अधिकृत नोंद मात्र लीगने १९७३-७४ पासून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे रसेल निवृत्त झाल्यानंतर. त्यामुळे रसेल जे करत होता ते कागदावर कोठेच उतरत नव्हते, पण त्याच्यासमोर खेळणाऱ्यांना ते ठाऊक होते, आणि त्या वेळी मते त्यांचीच होती. याच हंगामात लीगमधील सर्वोत्तम खेळाडूंचे पहिला आणि दुसरा असे मानाचे संघ पत्रकारांनी निवडले, त्यांतील पहिल्या संघात सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, जागी चेंबरलेन होता आणि रसेल दुसऱ्या संघात होता. एकाच हंगामाकडे पाहणाऱ्या दोन गटांनी दोन वेगळी उत्तरे दिली.

रसेलचे उदाहरण सविस्तर देण्याचे कारण असे की, त्याच्या बाजूने मत देणाऱ्यांनी त्याच्या वैयक्तिक कामगिरीत असे काही पाहिले होते जे आकड्यांत दिसत नव्हते. विजयांची संख्या ही त्या कामगिरीची खूण होती, तिच्या जागी वापरायची गोष्ट नव्हती. आपल्या लेखकाने मात्र विजय हाच स्वतंत्र गुण मानला आहे. खेळाडूने मिळवलेले गुण, दिलेले पास, घेतलेले रीबाउंड आणि रोखलेले प्रतिस्पर्धी हे सर्व त्या विजयांत आधीच मिसळलेले असते. ते एकदा वैयक्तिक कामगिरी म्हणून मोजायचे आणि नंतर ६८ विजय म्हणून पुन्हा मोजायचे, तर दुसऱ्या वेळी आपण त्याच्या सहकाऱ्यांचे, प्रशिक्षकाचे आणि संघबांधणी करणाऱ्या व्यवस्थापनाचे श्रेयही त्याच्याच खात्यात टाकतो. थंडरकडे जेलन विल्यम्स आणि लूगेन्त्झ डॉर्ट होते. त्या हंगामाच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या दोन संघांत दोघांचीही निवड झाली आणि विल्यम्स लीगच्या तिसऱ्या सर्वोत्तम संघातही होता. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सामन्यागणिक सरासरी जवळपास १३ गुण अधिक मिळवण्याचा विक्रम त्या संघाने केला, तो इतक्या जणांच्या बळावर. त्या संघाचा नायक असणे ही मोठी गोष्ट आहे, पण सगळा संघ म्हणजे तो नायक नव्हे.

शिवाय 'सर्वोत्तम संघातील सर्वोत्तम खेळाडू' हा नियम मतदारांनीही कधी सातत्याने पाळलेला नाही. १९९६-९७ मध्ये शिकागो बुल्सने ६९ सामने जिंकले आणि मायकेल जॉर्डन गुणांच्या सरासरीत पहिला होता, तरी किताब ६४ सामने जिंकणाऱ्या युटा जॅझच्या कार्ल मलोनला गेला. २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकने ३१.६ गुण, १०.७ रीबाउंड आणि १०.४ असिस्ट अशी सरासरी राखत ४२ ट्रिपल-डबल केले आणि त्याला किताब मिळाला, तेव्हा त्याच्या थंडरने अवघे ४७ सामने जिंकले होते. ५५ सामने जिंकणाऱ्या ह्यूस्टन रॉकेट्सचा जेम्स हार्डन दुसरा आला. याहून बोलके उदाहरण खुद्द योकिचचे आहे. २०२१-२२ मध्ये जमाल मरी संपूर्ण हंगाम आणि मायकेल पोर्टर बहुतांश हंगाम दुखापतीमुळे बाहेर असताना नगेट्सने ४८ सामने जिंकले आणि किताब योकिचला मिळाला. त्याच वर्षी फिनिक्स सन्सने ६४ सामने जिंकले होते आणि त्यांचा डेव्हिन बुकर मतदानात चौथा आला. तीन वर्षांनंतर योकिचच्या गुणांची आणि असिस्टची सरासरी वाढलेली होती आणि त्याच्या संघाने ५० सामने जिंकले होते. मग ज्या निकषाने २०२२ मध्ये बुकर मागे राहिला, तो निकष २०२५ मध्ये कोठे गेला?

आता प्रत्यक्ष २०२४-२५ च्या हंगामाकडे. योकिचची सरासरी होती २९.६ गुण, १२.७ रीबाउंड आणि १०.२ असिस्ट. रॉबर्टसन आणि वेस्टब्रुक यांच्यानंतर हंगामभर ट्रिपल-डबलची सरासरी राखणारा तो तिसराच खेळाडू, आणि सेंटर म्हणून पहिलाच. गुण, रीबाउंड आणि असिस्ट या तिन्ही याद्यांत तो लीगमधील पहिल्या तिघांत होता. त्याचे फटके यशस्वी होण्याचे प्रमाण ५७ टक्क्यांहून अधिक आणि तीन गुणांच्या फटक्यांचे प्रमाण ४१ टक्क्यांहून अधिक होते. मार्च २०२५ मध्ये फिनिक्सविरुद्ध त्याने ३१ गुण, २१ रीबाउंड आणि २२ असिस्ट अशी कामगिरी केली, तशी लीगच्या इतिहासात एकाही सामन्यात झालेली नव्हती. पण या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचे आहे ते त्याच्या खेळाचे स्वरूप. नगेट्सचे आक्रमण त्याच्या हातातून सुरू होते. तो फ्री थ्रोच्या (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगानंतर मिळणाऱ्या बिनविरोध फटक्याच्या) रेषेजवळ चेंडू घेऊन उभा राहिला की चारही सहकारी कापत, वळत, एकमेकांच्या आडोशाने निघत धावू लागतात, आणि त्यांपैकी ज्याला क्षणभर मोकळीक मिळेल त्याच्या हाती चेंडू पोहोचतो. सामान्य कुवतीचा खेळाडूही त्याच्यासोबत सोपे फटके मिळवू लागतो.

तो मैदानावर असताना नगेट्स प्रतिस्पर्ध्यांवर स्पष्ट आघाडी घेत आणि तो बाकावर गेला की ती आघाडी गळून पडे, ही गोष्ट त्या हंगामात सातत्याने दिसली. येथे मात्र सावध राहायला हवे, कारण माझ्याच बाजूचे लोक हा मुद्दा अनेकदा ताणतात. खेळाडू बाकावर असताना संघाचे काय होते, हे त्याच्या जागी कोण येतो यावरही अवलंबून असते. नगेट्सकडे चांगला राखीव सेंटर नव्हता. थंडरचे राखीव खेळाडू भक्कम होते. केवळ या फरकावर मत दिले तर दुबळ्या राखीव फळीचे बक्षीस योकिचला आणि चांगल्या फळीची शिक्षा गिल्जस-अलेक्झांडरला दिल्यासारखे होईल. म्हणून मी हा पुरावा दुय्यम मानतो. मात्र वर सांगितलेल्या कामगिरीच्या जोडीला तो ठेवला तर दोन्हींची दिशा एकच आहे.

गिल्जस-अलेक्झांडरची बाजूही तितकीच गांभीर्याने घ्यायला हवी. ३२.७ गुणांच्या सरासरीने तो लीगमध्ये पहिला होता, ७६ सामने खेळला, चेंडू क्वचितच गमावत असे आणि बचावात तो योकिचपेक्षा निःसंशय सरस आहे. संघ पुढे असल्यामुळे अनेक सामन्यांत त्याला चौथ्या सत्रात खेळावेच लागले नाही, अन्यथा त्याची सरासरी आणखी वाढली असती. तो फ्री थ्रो मिळवण्यासाठीच खेळतो, ही त्याच्यावरील टीका मला अनुचित वाटते. त्या हंगामात यानिस अँटेटोकून्पोला सामन्यागणिक त्याच्यापेक्षा अधिक फ्री थ्रो मिळत होते. माझ्या पसंतीविरुद्धचा सर्वांत प्रबळ मुद्दा बचावाचाच आहे, आणि त्या कारणाने ज्यांनी त्याला मत दिले त्यांच्याशी माझे मतभेद असले तरी त्यांचा तर्क मला मान्य आहे. आक्रमणात योकिचने सहकाऱ्यांना जे मिळवून दिले ते या फरकाहून अधिक होते, असे माझे मत आहे. गिल्जस-अलेक्झांडरला पहिल्या पसंतीची ७१ मते मिळाली आणि योकिचला २९. त्या ७१ पैकी किती मते त्याच्या खेळाला आणि किती ६८ या आकड्याला होती, हे मतपत्रिकेवरून कळत नाही.

आणखी एक शंका मनात येते. योकिचने २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये हा किताब मिळवला होता, आणि पुन्हा तेच नाव लिहिण्याचा कंटाळा हाही मतदानावर परिणाम करत असावा. २०१०-११ मध्ये बावीस वर्षांच्या डेरिक रोझला हा किताब मिळाला तेव्हा बुल्सच्या ६२ विजयांचा वाटा होताच, पण लागोपाठ दोन वर्षे किताब मिळवलेला लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँड सोडून मायामीला गेल्याची नाराजीही हवेत होती. नव्या कथेची ओढ पत्रकारांना असणे स्वाभाविक आहे, परंतु मत कथेला नव्हे, खेळाला द्यायचे असते.

हा केवळ मानाचा प्रश्न राहिलेला नाही, म्हणून मी इतके आग्रहाने लिहीत आहे. लीगच्या करारनियमांनुसार हा किताब मिळवणारा खेळाडू, अन्य अटी पूर्ण करत असेल तर, संघाच्या एकूण वेतनावर लीगने घातलेल्या मर्यादेच्या ३५ टक्क्यांपासून सुरू होणाऱ्या करारास पात्र ठरतो. एरवी त्यासाठी साधारणपणे दहा वर्षे लीगमध्ये काढावी लागतात. लीगने २०२३-२४ पासून किमान ६५ सामने खेळण्याची अट घातली, ती मला बहुतांशी रास्त वाटते, कारण मैदानाबाहेर बसलेल्या खेळाडूचा संघाला उपयोग नसतो. तरी १९७७-७८ चा विजेता बिल वॉल्टन ५८ सामने खेळला होता, म्हणजे या नियमानुसार तो बाद झाला असता, याचाही विचार व्हावा. जी लीग सामन्यांची संख्या ठरवून देऊ शकते, ती मतदारांना आपल्या पहिल्या पसंतीमागचे कारण चार वाक्यांत लिहून देण्यासही सांगू शकते. मतपत्रिका आता जाहीर केल्या जातात. त्यांच्यासोबत ही कारणेही जाहीर व्हावीत.

माझी २०२४-२५ ची यादी पुढीलप्रमाणे असती : पहिला योकिच, दुसरा गिल्जस-अलेक्झांडर, आणि तिसरा अँटेटोकून्पो, ज्याने सरासरी ३०.४ गुण आणि ११.९ रीबाउंड मिळवत, डेमियन लिलार्ड आजारपणामुळे हंगामाच्या अखेरीस बाहेर असतानाही, मिलवॉकी बक्सला ४८ विजयांपर्यंत नेले. आपल्या लेखकाचा विजयांचा निकष लावला तर ६४ सामने जिंकणाऱ्या क्लीव्हलँड कॅव्हलियर्सच्या डोनोव्हन मिचेलला योकिच आणि अँटेटोकून्पो या दोघांच्याही वर ठेवावे लागते. ते त्यांना मान्य आहे काय, हे त्यांनी आपल्या पुढील लेखात स्पष्ट करावे.

आपला विश्वासू,
एक वाचक