पेस्ट बदलण्याआधी हीटसिंक साफ करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीला येतात ते ‘गरम होतोय, मधेच बंद पडतोय’ म्हणून. परत जातात तेव्हा बिलावर तीनच शब्द असतात : थर्मल पेस्ट बदलली. (प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, यांच्यामध्ये लावायचा हा लेप.) कोणती पेस्ट, तापमान आधी किती होते, नंतर किती उतरले, याचा पत्ता नाही. ग्राहकही विचारत नाही.

मुळात बऱ्याचदा दोष पेस्टचा नसतोच. मार्केट यार्डात अडतीच्या दुकानातला, टेबलाखाली ठेवलेला कॅबिनेट उघडून पाहा. प्रोसेसरवरचा फॅन वरवर बरा दिसतो. तो सोडवला की खाली हीटसिंकच्या पात्यांमध्ये हळदीची धूळ बसून असा थर झालेला असतो की नखाने सोलून निघावा. हवा आत शिरायलाच वाट नाही, तिथे भारीतली पेस्ट तरी काय करणार? आधी ब्लोअर मारायचा, आणि मारताना फॅनचे पाते बोटाने धरून ठेवायचे. हवेच्या झोताने फॅन गरगर फिरला की बेअरिंग खराब होते. एवढ्यावर तापमान उतरले तर पेस्टला हात लावू नये.

तापमान मोजायला एचडब्ल्यू-इन्फोसारखी प्रोग्रॅम फुकट मिळतात. फक्त खोलीचे तापमान सोबत लिहून ठेवावे. मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असेल तर साध्या हवेच्या फॅनवर प्रोसेसर त्याखाली जाऊच शकत नाही. डिसेंबरातल्या आकड्याशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही. इंटेलचे अलीकडचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर तापमान १०० अंशांपर्यंत जाऊ देतात, एएमडी कंपनीचे रायझन मॉडेलनुसार साधारण ९० ते ९५. त्या हद्दीला टेकला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. ‘हँग होतो’ या तक्रारीमागे कधी कधी एवढेच असते.

आता पेस्टविषयी. प्रोसेसरचे झाकण आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना सपाट दिसले तरी दोन्हींवर बारीक खाचा असतात आणि त्यांत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६, तांब्याची ४००च्या आसपास, चांगल्या पेस्टची ४ ते १२ (एकक : वॉट प्रति मीटर-केल्विन). म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी सरस आणि धातूपेक्षा कितीतरी कमी. तिने खाचा भराव्यात, दोन धातूंच्या मध्ये जाड गादी करून बसू नये. डबीतून बोटाने थापलेली पेस्ट म्हणूनच नडते.

ती डबीतली पांढरी पेस्ट म्हणजे बहुधा सिलिकॉन तेल आणि झिंक ऑक्साइड. टाइपिंगपुरत्या जुन्या मशिनवर ती चालून जाते, पण लवकर सुकते आणि खडूसारखी भुगा होऊन निघते. सिरिंजमधली, वीज न वाहणारी पेस्ट घ्यावी. आर्क्टिक एमएक्स-४ किंवा नॉक्टुआ एनटी-एच१ या जातीची. पुड्यावरच्या वाहकतेच्या आकड्यांमागे फार लागू नये, प्रत्येक कंपनीची मोजण्याची तऱ्हा वेगळी. लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावायचा पातळ धातू) मात्र आपल्याकडच्या साध्या मशिनला नकोच. त्यातले गॅलियम ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला खाऊन टाकते, आणि थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्ट.

लावण्याआधी जुनी पेस्ट ९० टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजूंनी पुसावी, नंतर तिथे बोट लावू नये. चौकोनी प्रोसेसरवर मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढा, ५-६ मिमीचा ठिपका पुरतो. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर लांबट असतात, त्यांवर लांबीच्या दिशेने बारीक रेघ ओढावी. पसरवायचे काम हीटसिंकच्या दाबावर सोडावे. एकदा टेकवलेला हीटसिंक उचलून ‘लागली का’ बघितले की आत हवेचे बुडबुडे राहतात. मग पुसून पुन्हा पहिल्यापासून. स्क्रू कोपऱ्याला कोपरा असे थोडे थोडे आवळावेत. इंटेलच्या प्रोसेसरसोबत डब्यात येणाऱ्या फॅनला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यांतली एक जरी अर्धी बसली तरी हीटसिंक तिरका राहतो आणि दोष पेस्टच्या माथी जातो. बोर्डाच्या मागून चारही खुंट्या आरपार आल्यात का ते पाहावे. नव्या हीटसिंकच्या तळावरचा प्लास्टिकचा कागद काढायचा राहतो, हेही नवीन नाही. डब्यातल्या फॅनला पेस्ट आधीच लावलेली असेल तर वर आणखी थापू नये.

एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) रायझनचा हीटसिंक सरळ वर ओढू नये. सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि खालच्या पिना वाकतात. मशिन दहा मिनिटे चालवून, बंद करून, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवावा.

लॅपटॉपची तऱ्हा वेगळी. आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. तिथे प्रोसेसरवर झाकण नसते, चिप उघडीच असते, त्यामुळे तिच्यावर चारही कोपऱ्यांपर्यंत पातळ थर द्यावा लागतो. उघडा राहिलेला कोपरा तापतो. गरम-थंड होताना पातळ पेस्ट हळूहळू कडेला सरकते, म्हणून घट्टसर पेस्ट बरी. स्क्रूशेजारी छापलेले १, २, ३, ४ हे आवळण्याचे क्रमांक आहेत. आणि शेजारच्या मेमरी चिपवरचा थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) फाटला तर तितक्याच जाडीचा पॅड घालावा. तिथली फट अर्धा-एक मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असते, ती पेस्टने भरत नाही.

१ ग्रॅमच्या सिरिंजमध्ये तीन-चार डेस्कटॉप सहज होतात. तेव्हा प्रत्येक मशिनमागे अख्ख्या सिरिंजची किंमत लावणाऱ्यांनी निदान उरलेली सिरिंज ग्राहकाच्या हाती द्यावी, आणि बिलावर पेस्टचे नाव व आधीचे-नंतरचे तापमान लिहावे.

आपला,
एक संगणक तंत्रज्ञ, सांगली