अण्णा, ती वही आणि माझे अकरा हंगाम

आदरणीय अण्णा,
साष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात मी व्यावसायिक फुटबॉलमधून निवृत्त झालो. निरोपाच्या वेळी दोन शब्द बोलायला उभा राहिलो, तेव्हा गळा दाटून आला आणि आपले नाव घ्यायचे राहून गेले. ते राहिलेले काम आज करीत आहे. प्रशिक्षक म्हणून आपले माझ्यावर असलेले ऋण पेठेतल्या आणि पेठेबाहेरच्या सर्वांना कळावे, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे.

चौदाव्या वर्षी मी आघाडीला खेळत असे. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की गॅलरीतून गजर होतो तो गोल करणाऱ्याच्या नावाचा, हे कोल्हापुरात वाढलेल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच आपण मला स्टॉपरच्या, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या बचावपटूच्या जागी उभे केलेत तेव्हा मला ती शिक्षा वाटली आणि मी दोन दिवस मैदानावर फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी आपण घरी आलात, आईच्या हातचा चहा घेतलात आणि भारतीय संघाच्या जर्नेल सिंग यांची हकिकत सांगितलीत. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत या बचावपटूच्या डोक्याला जखम झाली, तरी प्रशिक्षक रहीम यांनी त्यांना अंतिम सामन्यात चक्क आघाडीवर खेळवले आणि दक्षिण कोरियावरील २-१ अशा विजयातला एक गोल त्यांनीच केला. “मागं खेळणाऱ्याला सगळं मैदान दिसतं, म्हणून त्याला पुढं पाठवता आलं,” असे आपण म्हणालात. मी दुसऱ्या दिवशी सरावाला आलो.

त्यानंतर आपण मला जे शिकवलेत, ते फुटबॉलच्या मैदानावर नव्हे, तर तालमीतल्या आखाड्याशेजारी. पट काढायला येणाऱ्या मल्लापुढे दुसरा मल्ल कसा कमरेत वाकतो, वजन चवड्यांवर ठेवतो आणि समोरच्याच्या हुलकावणीला भुलत नाही, हे आपण मला तासभर पाहायला लावलेत. तोच पवित्रा घेऊन, अंग जरा तिरके ठेवून, समोरच्यापासून हातभर अंतरावर उभे राहायचे, नजर चेंडूवर ठेवायची आणि त्याला त्याच्या कच्च्या पायाकडे, बाहेरच्या रेषेकडे ढकलत न्यायचे. “पाय घालू नको, थांब. आडवा झालेला बॅक म्हणजे संघात एक माणूस कमी,” हे वाक्य मी पुढे अकरा हंगाम प्रत्येक सामन्यात मनातल्या मनात ऐकले आहे.

आपली ती वहीही मला आठवते. तीत माझ्या नावापुढे गोलांचा हिशेब कधीच नव्हता. सामन्यात मी विनाकारण किती वेळा पाय घातला, एवढाच आकडा असे. पहिल्या सामन्यापुढे नऊ लिहिले होते. ज्या सामन्यापुढे शून्य आले, त्या संध्याकाळी आपण काहीही न बोलता वही माझ्यापुढे धरलीत. गॅलरीतून मिळालेल्या कोणत्याही टाळीपेक्षा मला ते शून्य मोठे वाटते.

मुंबईतल्या एका निवड चाचणीत उंची कमी म्हणून मला परत पाठवले, तेव्हा २००६ साली बॅलन डी’ओर हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळवणारा इटलीचा बचावपटू कॅनावारो सहा फुटांच्या आतलाच होता, एवढे सांगून आपण मला पुन्हा चाचणीला पाठवलेत. दुसऱ्या खेपेला माझी निवड झाली.

सर्वांत मोठे ऋण मात्र गुडघ्याचे आहे. सहाव्या हंगामात एसीएल, म्हणजे गुडघ्यातला अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली आणि त्याच काळात संघाने माझा करार वाढवला नाही. मला परतण्याची घाई झाली होती, आणि मी इटलीचा बचावपटू बरेसी याचे उदाहरण देत असे. १९९४ च्या विश्वचषकात गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊनही तो साडेतीन आठवड्यांत परतला आणि ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्यात १२० मिनिटे खेळला. त्याची दुखापत मेनिस्कसची, म्हणजे गुडघ्यातल्या गादीची होती आणि माझा अस्थिबंधच तुटला होता, हा फरक आपण डॉक्टरांकडून समजून घेऊन मला पटवलात. नऊ महिने रोज पहाटे रंकाळ्यावर आपण माझ्याबरोबर चाललात, पुढे मी धावू लागलो तेव्हा बाकावर थांबलात. त्या वेळी आपण सत्तरीला टेकला होतात आणि आपलेही गुडघे दुखत होते, हे मला फार उशिरा कळले. आपण मला थांबवले नसते, तर त्यानंतरचे पाच हंगाम मला मिळाले नसते.

आता मी सकाळी पेठेतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतो. त्यांत एकजण आहे. पायात वेग आहे, डोळ्यांत समज आहे, पण मागे खेळायचे म्हटले की त्याचा चेहरा उतरतो. ती वही अजून आपल्या कपाटात असेल, तर काही दिवसांसाठी मला द्यावी. पहिल्या पानावरचे नऊ त्याला दाखवायचे आहेत.

आपला,
पेठेचा जुना स्टॉपर