इंग्रजीच्या मॅडमना एका आईचं आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही वर्गात जे करता ते कोल्हापुरातल्या आणखी चार शाळांपर्यंत पोचावं, असं मला मनापासून वाटतं.

लेक सातवीत तुमच्याकडे आली तेव्हा तिला इंग्रजीच्या पेपरात चांगले मार्क पडत होते. पण तोंडी परीक्षा म्हटली की पोटात दुखायचं, हात गार पडायचे. आधीच्या एका वर्गात वाचताना ती अडखळली आणि मुलं खदाखदा हसली, तेव्हापासून हे सुरू झालं. जो तो सांगायचा, शब्द पाठ करून घ्या, क्लास लावा. तिला इंग्रजी येतं, भीती आहे ती हसं होण्याची, हे पहिल्यांदा तुम्ही ओळखलंत.

पालकसभेत तुम्ही सांगितलंत की अशी भीती मोजण्यासाठी 1986 मध्ये भाषाशिक्षणाच्या संशोधक इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 33 विधानांची प्रश्नावली तयार केली, आणि बाकीचे हसतील ही धास्तीसुद्धा त्या प्रश्नावलीत आहे. केवढा धीर आला ते ऐकून! आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, 2000 सालापासून ते राज्यात पहिलीपासून आलं. शिकायची वर्षं वाढली, तरी उभं राहून बोलायची धास्ती तशीच आहे.

त्या दिवशी तुम्ही आम्हाला मागच्या बाकावर बसू दिलंत. प्रश्न विचारून तुम्ही शांतपणे थांबलात. मुलांनी उत्तर आधी शेजारच्याला हळूच सांगितलं, मग एकेक जण उभा राहिला. आमची म्हणाली, “माय फादर गो टू मार्केट यार्ड.” (तिचे पप्पा गुळाच्या अडतीवर असतात.) तुम्ही तिला मध्येच अडवलं नाहीत. कौतुकानं विचारलंत, “ओह, ही गोज टू मार्केट यार्ड? व्हेन?” बाकाची कड तिनं घट्ट धरली होती. जरा थांबून म्हणाली, “ही गोज अ‍ॅट सिक्स.” तो ‘गोज’ तिचा तिनं उचलला, आणि वर्गात कुणी हसलं नाही!

भरलेला वर्ग, संपवायचा पोर्शन, त्यात एकेका मुलासाठी असं थांबणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे. आता ती घरी भाकरी थापताना माझ्याशी इंग्रजीत बोलते, चुकते, पुन्हा बोलते.

पुढच्या वर्षी तिला दुसरे शिक्षक असतील. तुमची ही पद्धत त्यांना जरूर सांगा. मीही भेटून सांगणार आहे.

तुमची मनापासून ऋणी,
सातवीतल्या एका मुलीची आई
कोल्हापूर