तो एकतीस म्हणाला, तू एकतीस लिहिलंस

चि. लेखनिक ताई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं नाव इथे लिहीत नाही. तू अजून शाळेत आहेस, आणि कौतुक सुरू झालं की तू कशी आत पळतेस ते मी पाहिलंय. पत्र मात्र मुद्दाम चारचौघांत लिहितोय, कारण बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात निम्म्या लोकांना अजून वाटतं की माझ्या नातवाचा दहावीचा पेपर तूच सोडवलास.

तू तो सोडवला नाहीस. त्याला हातानं लिहिणं जमत नाही, म्हणून तो उत्तरं तोंडी सांगत गेला आणि तू लेखनिक म्हणून ती उतरवत गेलीस. समाजशास्त्राच्या पेपरात नातू म्हणाला, दांडीयात्रा 1931 साली निघाली. तू आठवीत याच विषयावर प्रकल्प केला होतास. साबरमतीहून 12 मार्च 1930 ला गांधीजी निघाले, हे तुला झोपेतही सांगता आलं असतं. तरी तू 1931 लिहिलंस, आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाहीस. बाहेर आल्यावर चूक त्याची त्यालाच उमगली. गांधी-आयर्विन कराराचं साल त्यानं दांडीला चिकटवलं होतं. "तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं. "हो. पण तू एकतीस म्हणालास," एवढंच तू म्हणालीस. मी स्कूटरची किल्ली हातात धरून तसाच उभा राहिलो. तो गुण गेला, त्याबद्दल तुझे पहिले आभार. तू तो वाचवला असतास, तर बाकीचे गुण त्याचेच आहेत असं मला कुणाला छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

लोकांना वाटतं पोरगा आळशी आहे. तो बोलायला लागला की वकील वाटतो. लिहायला बसला की अर्ध्या पानात मनगट धरून बसतो आणि अक्षरं एकमेकांवर चढतात. डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया, म्हणजे वाचायची अडचण आणि लिहायचीही, दोन्ही. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि हिंदी, वर तिसरीपासून गुजराती. गुजरातीत 'र' आणि दोनचा आकडा दिसायला एकच, 'प' आणि पाचही तसेच. आपण शब्दाच्या ओघात वाचून जातो. हा तिथेच अडायचा, 'रमत' ला 'दोन-मत' म्हणायचा, वर्ग हसायचा. पुढे तिसऱ्या भाषेतून सूट मिळाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातच ती तरतूद आहे, आणि त्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे. प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळतं, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा. त्या खेपांबद्दल लिहीत बसत नाही. एका खिडकीवरच्या गृहस्थांनी "हात तर धडधाकट दिसतोय" असं म्हटलं होतं, तेवढं सांगून पुढे जातो.

वाड्यातला दुसरा आक्षेप त्या जादा तासाचा. तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. "मग आमच्या पोरांनी काय पाप केलं?" त्यांनी आमच्या घरी एखाद्या शनिवारी येऊन बसायला हवं होतं. हा प्रश्न ऐकतो, मनात उत्तर जुळवतो, तुकड्यातुकड्यानं सांगतो, तू लिहितेस, वाचून दाखवतेस, तो एक वाक्य बदलतो, तू खोडून पुन्हा लिहितेस. इतर मुलं जे एका दमात करतात, त्याच्यात दोन माणसं आणि चार टप्पे. सराव परीक्षांना मी घड्याळ लावून पाहिलं, तो तास यातच संपतो. विचार करायला त्यातलं फारसं काही उरत नाही.

त्या शनिवारांबद्दल दुसरे आभार. सांगणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. गणितात तो म्हणाला, "दोन एक्सचा वर्ग." तू पेन थांबवलंस. वर्ग नुसत्या एक्सचा की अख्ख्या दोन एक्सचा? उत्तरं वेगळी येतात. तुला अंदाजानं लिहिता आलं असतं, तू लिहिलं नाहीस, आणि हे लिहू की ते, असंही सुचवलं नाहीस. नुसती थांबलीस. तिथून तो "कंस सुरू, कंस पूर्ण" म्हणायला शिकला. मग "नवीन ओळ", "अधोरेखित", "हे चौकटीत". उलट बाजूनं, सुरुवातीला तू त्याची इंग्रजी वाक्यं नकळत नीट करायचीस. त्याच्या स्पेशल एज्युकेटर बाईंनी, म्हणजे अशा मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिकेनं, एकदाच टोकलं: वाक्य त्याचं वाकडं असेल तर वाकडंच उतरू दे. त्यानंतर तू कधी हात लावला नाहीस.

त्या बाईंचं एक सूत्र मला अजून पुरतंय. त्या आधी विचारायच्या, हा पेपर मोजतो काय? विज्ञानाच्या चाचणीत प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवला तर काही बिघडत नाही, तिथे विज्ञान मोजायचंय. पण वाचन किती सुधारलं हे पाहायचं असेल तेव्हा उतारा त्यानं स्वतःच वाचायचा, कितीही वेळ लागो. सवलत द्यायची ती मोजमाप खरं यावं म्हणून. दया म्हणून दिलेली सवलत बाईंना अजिबात खपायची नाही, आणि मलाही.

सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण आधी अमरेलीत सक्तीचं केलं, 1893 मध्ये, आणि 1906 पर्यंत सगळ्या बडोदा संस्थानात. त्याचा अभिमान आम्ही बडोदेकर उठताबसता मिरवतो. पोर शाळेत आणून बसवलं, ही मोठीच गोष्ट. पण बसल्यावर त्याची परीक्षा कशी घ्यायची, याचा निवाडा व्हायला पुढची शंभराहून अधिक वर्षं गेली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसलेल्या विकासकुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. लेखनिकासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. अपंगत्व 40 टक्क्यांचं नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निकाल फेब्रुवारी 2021 मध्ये लागला. कागदावर हक्क आला. पण लेखनिक म्हणून बसायला माणूस लागतो, परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला, आणि तोही ऐन परीक्षेच्या दिवसांत. तुझी नववीची वार्षिक परीक्षा तोंडावर होती. तुझ्या आईनं "जा" म्हटलं, तिलाही माझा नमस्कार सांग.

पैसे तू घेतले नाहीस, पाकीट दारातूनच परत केलंस. सेव-उसळीला मात्र नाही म्हणाली नाहीस, तेवढं समाधान.

आता एक काम सांगतो. यंदा तू स्वतः दहावीत, म्हणजे नियमानं दहावीच्या मुलांसाठी तुला बसता येणार नाही. नातवाच्या शाळेत या वर्षी अशीच दोन मुलं आहेत, आणि नववीतल्या दोन मुली लेखनिक व्हायला तयार झाल्यात. त्यांना कंसाचं सांगायला हवं, आणि कधी थांबायचं तेही. जुलैतला कोणताही शनिवार, दुपारी चारनंतर, आमच्याकडे. नातू प्रश्न वाचून घेऊन सांगायला बसेल, त्या लिहितील, तू नुसती बघ. तुझा अभ्यास असेल तर बिनदिक्कत नाही म्हण.

कळावे,
दांडिया बाजारातले आजोबा