दोन गल्ल्या पलीकडे

कोथरूड, पुणे

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न.

फोनवर हे सांगायला घेतले की बाबा मध्येच सोसायटीच्या कमिटीतली ताजी बातमी काढतात आणि आई, तू "जेवलीस का" यावर गाडी आणतेस, म्हणून मुद्दाम पत्र लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन करू नये, ही विनंती.

जे करून बसले आहे ते आधी सांगते. आपली इमारत पुनर्विकासासाठी पाडायची तेव्हा पाडतील. पण आपल्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे, पार्ल्यातच, लिफ्ट असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावरची जागा मी येत्या एक तारखेपासून अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने घेतली आहे आणि तिचे डिपॉझिटही भरून झाले आहे. तुम्हाला न विचारता भरले, हे चुकलेच. विचारले असते तर बाबा म्हणाले असते, "अजून कशात काही नाही, घाई कशाला?", आणि मी नेहमीसारखी गप्प बसले असते. बिल्डरकडून मिळायचे भाडे सुरू होईल तेव्हा होईल, तोवर या जागेचे भाडे दादा आणि मी मिळून देऊ. आमचे दोघांचे बोलणे झाले आहे, त्यात तुम्ही पडू नका.

याचे कारण पुनर्विकास नाही, जिना आहे. गेल्या महिन्यात बाबा स्टेशनजवळच्या नव्या दुकानातून ५ लिटर तेलाचा कॅन आणि ५ किलो आट्याची पिशवी घेऊन आले आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला पाठ टेकून किती तरी वेळ बसून राहिले, हे मला तुमच्यापैकी कोणी सांगितले नाही. समोरच्या काकूंकडून कळले. शर्ट पाठीला चिकटला होता, तरी पिशवीला कोणाला हात लावू देत नव्हते म्हणे. आई, तू मात्र "जरा दमले होते" एवढ्यावर भागवलेस. मी रागावलेली नाही. मात्र आपल्या वाण्याचा मुलगा त्याच ५४ पायऱ्या चढून सामान ओट्यावर ठेवून जात असताना, तेलात सुटलेल्या काही रुपयांसाठी बाबांनी हे का करावे, ते मला अजून उमगलेले नाही. (नवे दुकान बघायला जायचे होते, हे खरे कारण असणार. ते मला समजते.)

आता त्या बातम्यांविषयी. नवी इमारत वीस मजली होणार, खाली डी-मार्ट येणार, मग कोपऱ्यावरचा वाणी आणि गिरणी दोन्ही उठणार, हे बाबा गेले चार आठवडे सांगत आहेत आणि ते ऐकून आईने आतापासूनच सहा महिन्यांचे गहू भरायचे मनात घेतले आहे. बाबा, आपल्याकडे विमान डोक्यावरून जाईपर्यंत अर्धे वाक्य तोंडात धरून ठेवायची सगळ्यांना सवय आहे. त्याच विमानांमुळे आपल्या भागात उंचीला विमानतळ प्राधिकरणाची परवानगी लागते आणि फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखालच्या पट्ट्यामुळे, पार्ल्यातल्या कितीतरी सोसायट्यांचे काम वर्षानुवर्षे अडले, हे तुम्हीच मला शिकवले. मग वीस मजले कुठून आले? खाली दुकाने किती आणि केवढी, ते महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशात दिसेल. तो नकाशा अजून झालेलाच नाही. पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला तेव्हाही तुम्ही कट्ट्यावरून येऊन एका आठवड्यात तिथे मॉल, पुढच्या आठवड्यात इस्पितळ बांधून मोकळे झाला होतात.

वाण्याचे म्हणाल, तर त्याचे काय होणार ते समोर कोण दुकान टाकतो यावर फारसे अवलंबून नाही. त्याचा गाळा त्याच्या नावावर असून तो सोसायटीचा सभासद असेल, तर त्याला नव्या इमारतीत करारानुसार गाळा मिळेल. तो भाडेकराराने बसलेला असेल, तर मुदत संपल्यावर त्याला कोणतेही मोठे दुकान न येताही उठावे लागेल. बाबा, तुमचे त्याच्याशी बसणे-उठणे आहे. एवढे एक नीट विचारून या.

गिरणीचे मलाही वाईट वाटते. डबा घेऊन तू मला पाठवायचीस तेव्हा "गव्हावर गहूच दळा" असे तीनदा घोकून घ्यायचीस, आणि आधी कोणाची ज्वारी पडली असेल तर मी पापण्यांवर पीठ साचेपर्यंत तिथेच उभी राहायचे. घरी आल्यावर तू पदराने आधी माझे डोळे पुसायचीस आणि मग डबा उघडायचीस. आई, भाजणी तिथेच दळली जाईल. नव्या जागेवर डबा न्यायला गिरणीवाल्याचा मुलगा यायला तयार आहे, मी त्याच्याशी बोलले आहे. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, देव्हारा तिथेच बसेल. संडासात धरायला दांडी बसवून घेतली आहे. दूधवाला आणि पेपरवाला तेच राहतील. मुंबई ग्राहक पंचायतीतून एकत्र सामान घेणाऱ्या तुझ्या संघाचे महिन्याचे वाटप खालच्या पार्किंगमध्ये करायला तिथल्या सेक्रेटरींनी हरकत घेतलेली नाही. तुमची पंचायत १९७५ पासून चालू आहे, डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली पवईत निघाले. त्याने तुमच्या संघाचे काही बिघडले नाही. मात्र साखरेची गोणी जिन्याने वर चढवणे आता पुरे.

बाबा, कागदांच्या बाबतीत मात्र माझे ऐकावेच लागेल. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या संमतीपत्रावर सही करायची नाही, मग ते आणणारा कितीही जवळचा असो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे विकासक, म्हणजे बिल्डर, निवडण्याची सभा दोन-तृतीयांश सभासद हजर असताना, सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर, चित्रीकरण करून घ्यायची असते. तशी सभा झालेली नसताना "विकासक ठरला" असे म्हणणाऱ्याला इतिवृत्त मागा. नोंदणीकृत करार आणि प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांची बँक हमी पाहिल्याशिवाय आपल्या जागेची किल्ली कोणाच्या हातात द्यायची नाही. भाड्याच्या जागेत राहायला गेलात तरी मूळ घराचे कुलूप आपले आणि सभेतली खुर्चीही आपली. ताडदेवच्या खोलीचे जे झाले त्यात तुमची चूक होती, असे मी कधी म्हटले नाही आणि आजही म्हणत नाही. तेव्हा तुम्ही एकटेच होतात, या वेळी मी सोबत असणार आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. तोवर गहू भरू नयेत, माळ्यावरचे काही काढू नये आणि रक्तदाबाची गोळी जेवणानंतर नाही, डॉक्टरांनी सांगितली त्या वेळेलाच घ्यावी.

तुमची,
छोटी

ता. क. : बाबा, त्या नव्या दुकानातले तेल खरोखर चांगले आहे, असे आई हळूच म्हणाली. ते लोक घरपोच देतात का, तेवढे रिकाम्या हाताने जाऊन विचारून ठेवा.