गर्भपिशवी काढण्याची घाई कशाला?

महोदय,

गेल्या पावसाळ्यात फळ्यावर गणित लिहिताना मानेपासून कढत वाफ वर चढली आणि ब्लाउज घामाने चिंब झाला. मी 46 वर्षांची. पाळी कधी वीस दिवसांत, कधी दोन महिन्यांनी. रात्री तीनला टक्क जाग. सासूबाई म्हणाल्या, ‘पाळी जायची वेळ आली, चालायचंच.’ एका डॉक्टरांनी तर सोनोग्राफी बघताच ‘पिशवीच काढून टाकू’ म्हटले.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले म्हणून वाचले. त्यांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासले. हिमोग्लोबिन नऊवर आले होते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाळी सलग 12 महिने आली नाही, तरच ती गेली असे धरतात. त्याआधी हा लपंडाव चार-पाच वर्षेही चालतो आणि तोवर दिवस राहू शकतात (हे ऐकून स्टाफरूममध्ये दोघी दचकल्याच!). त्रास फार असेल तर हार्मोनची औषधे आहेत, पण ती सर्वांना चालत नाहीत. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र लगेच दाखवायला हवे.

पिशवी काढण्याचा प्रश्न माझ्यापुरता नाही. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 मध्ये राज्य सरकारने समिती नेमली होती. आशाताई (आशा स्वयंसेविका) गरोदर बाईच्या घरी जातात. चाळिशीतल्या बाईलाही दोन गोष्टी सांगण्याचे काम त्यांना योग्य मोबदल्यासह द्यावे. आणि आमच्या स्टाफरूमचा बंद पंखा तेवढा कुणीतरी दुरुस्त करावा.

– एक शिक्षिका, सातारा